दोराची दोन टोकं : साताऱ्याच्या कड्यांवरून रॅपलिंग करताना

"सर, चढायचं नाहीये ना? नुसतं उतरायचंय ना?" प्रत्येक बॅचमध्ये एकजण तरी हे विचारतोच. नाही म्हटलं की त्याचा चेहरा सैल पडतो. मग मी त्याला दोर गुंडाळायला बसवतो आणि तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो.

चढणाऱ्याला कातळाचा आधार असतो. बोटं खोबणीत, पाय कपारीवर, आणि दोर नुसता सोबतीला. हात सुटला तरच त्याचं काम. रॅपलिंग करत, म्हणजे दोरावरून, उतरणारा मात्र काठावर मागे कलला की त्या क्षणापासून त्याचं सगळं वजन दोरावर आणि दोराचं अँकरवर, म्हणजे तो वर जिथे बांधलाय त्या आधारावर. चूक झाली तर सावरायला दुसरं काहीही नसतं, आपण आधी करून ठेवलं असेल तेवढंच. मधला भाग, म्हणजे फोटोत दिसतो तो, खरोखर सोपा आहे. घोळ होतात ते दोराच्या वरच्या टोकाशी, खालच्या टोकाशी आणि कड्याच्या काठावर. म्हणून या लेखातही मधल्या भागाला मी दोनच परिच्छेद दिले आहेत.

एक अट आधीच सांगून ठेवतो. हे वाचून कुणी परस्पर दोर घेऊन कड्यावर जाऊ नये. जाणत्या माणसाच्या हाताखाली चार-सहा दिवस काढलेत, आता आपल्या गटाबरोबर जाणार आहात, तर कोणत्या क्रमाने काय तपासायचं याची ही उजळणी समजा.

कडा कोणता

आपल्याकडचा कातळ बसाल्टचा, म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला. अजिंक्यताऱ्याकडे किंवा वाईच्या बाजूने पांडवगडाकडे लांबून पाहिलं की काळ्या पट्ट्या दिसतात, तेच हे थर. सगळे सारखे नसतात. घट्ट काळा थर भरवशाचा, त्याच्यावर-खाली बुडबुड्यांची भोकं असलेला ठिसूळ थर, आणि दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल मातीचा पट्टा. हा लाल पट्टा आतून पाहायचा असेल तर कमळगडावरच्या कावेच्या विहिरीत उतरा. पन्नासेक पायऱ्या खाली गेल्यावर भिंतीला बोट लावलं तर गेरू बोटाला येतो. कड्याच्या पोटात असा पट्टा असेल तर त्याच्या वरचे दगड खालून पोखरलेले असतात. दोर हलला की ते सुटतात.

दुसरा प्रकार जांभ्याचा. कास, पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वर, सगळ्यांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. दिसायला भक्कम, पण सच्छिद्र. कडेचे मोठमोठे ठोकळे नुसते टेकलेले असतात. जांभ्याच्या ठोकळ्याला दोर बांधू नका आणि त्यात बोल्टही मारू नका. त्यावरच्या झाडांची मुळंही उथळ असतात. हातोडीने किंवा मुठीएवढ्या दगडाने कातळ ठोकून पाहायची सवय लावून घ्या. चांगला कातळ टणटण वाजतो. पोकळ असेल तर पिकल्या कलिंगडासारखा डब्ब आवाज येतो आणि हाताला किंचित हादराही जाणवतो. एकदा तो फरक कानात बसला की बसला.

शिकाऊ लोकांसाठी पंधरा-वीस मीटरचा कडा पुरे. वर जायला आणि तळाशी यायला पायवाट असावी, म्हणजे एकजण आधी चालत खाली जाऊन दोर जमिनीला टेकला की नाही ते सांगू शकतो. ठोसेघर, वजराई या धबधब्यांचा विचारही नको. ओल्या कातळावर शेवाळ, वरच्या पाण्याचा लोंढा कधी वाढेल याचा नेम नाही, आणि आवाजापुढे हाक ऐकू जात नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, असा पाऊस इकडचा कातळ सोसत असतो. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मार्चनंतर दुपारी काळ्या कातळाला हात लावता येत नाही.

परवानगीचं आधी बघा. किल्ला संरक्षित आहे का, जागा वनखात्याची आहे का, याची चौकशी घरून निघण्यापूर्वी. वासोट्याच्या परिसरात तर कोयना अभयारण्य, तेही २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे दोर काढायचं नावच नको. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळे पैसे घेऊन रॅपलिंग करवणाऱ्याला नोंदणीबद्दल बिनदिक्कत विचारा.

आणि मोहोळं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते पेटीत राहणाऱ्या सातेरी माशीच्या जोरावर. कड्याला लोंबणारी आग्या माशी वेगळी, ती माफ करत नाही. आदल्या दिवशी दुर्बिणीने कडा पाहून घ्या. काळपट अर्धगोल पोळं दिसलं, तर तो कडा त्या मोसमापुरता सोडून द्या. अत्तर, डिओ, विडी, शेकोटी यातलं काही नको.

सामान, थोडक्यात

१० ते ११ मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा दोर. चढाईचा डायनॅमिक दोर ताणला जातो, त्यावर माणूस काठावर वरखाली होतो आणि दोर धारेवर करवतीसारखा घासतो. हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट, डिसेंडर (दोराला घर्षण देऊन वेग आवरणारं साधन; आपल्याकडे बहुतेकांकडे इंग्रजी आठच्या आकाराचा फिगर ऑफ एट असतो), स्क्रूगेट कॅरॅबिनर (तोंड पेचाने बंद होणारी कडी) माणशी किमान तीन, टेप स्लिंग (पट्टीचा फास), आणि प्रुसिकसाठी, म्हणजे दोराला आवळून बसणाऱ्या गाठीसाठी, ६ मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या कॉर्डचा लूप. प्रुसिक नायलॉनचाच हवा. डायनिमाचा धागा मजबूत असला तरी दीडशे अंशांच्या आतच वितळतो आणि घर्षणाला टिकत नाही. चामड्याचे हातमोजे. शिट्टी.

हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर कितीही जाड असो, तो चाऱ्याच्या भाऱ्यासाठी. दोर चांगला असला तरी वापरण्याआधी सबंध दोर हातातून एकदा सरकवा. कुठे मऊ लागला, चपटा लागला, आतला गाभा मोडल्यासारखा वाटला, तर तिथे कापा किंवा दोर बाद करा. कधीच न वापरलेला दोरही बहुतेक कंपन्या दहा वर्षांपलीकडे वापरू नका म्हणतात. आणि दोर गाडीच्या डिकीत बॅटरीच्या पाण्याजवळ ठेवू नका. ॲसिडने जळलेला नायलॉन डोळ्यांना दिसत नाही.

वरचं टोक : अँकर

इथे घाई करणाऱ्या माणसाबरोबर मी कड्यावर जात नाही. एवढं कठोर व्हायला हरकत नाही.

नियम साधा: एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन आधार, आणि त्यांपैकी एक पूर्ण निखळला तरी दुसऱ्याने भार पेलला पाहिजे. झाड हवं तर जिवंत, मांडीहून जाड, मुळं कातळात गेलेली. बुंध्याला जमिनीलगत स्लिंग घाला, वर फांदीच्या बेचक्यात नाही. दगड हवा तर असा, जो चारजणांनी मिळून हलवला तरी हलत नाही आणि ज्याच्या बुडाशी माती नाही. बोल्ट हवा तर आधी गंज बघा. घाटमाथ्याच्या पावसात लोखंडी बोल्टचं डोकं चकचकीत असतं आणि आतली दांडी खाल्लेली असते. भोवतीच्या कातळाला चीर गेली असेल, हँगर (बोल्टवरची कडी अडकवायची पट्टी) बोटाने फिरत असेल, तर तो बोल्ट आहे असं धरूच नका. दुसऱ्या कुणीतरी सोडून गेलेला, उन्हाने पांढरा पडलेला स्लिंगही तसाच. फुकट मिळाला म्हणून त्यावर लटकू नये.

आता दोन आधारांना जोडायचं. लांब स्लिंग दोन्हींत अडकवा, मधला भाग ज्या दिशेने भार येणार त्या दिशेला, म्हणजे काठाकडे, खेचा आणि तिथे गाठ मारून एकच बिंदू तयार करा. दोन बाजूंमधला कोन लहान ठेवा. ६० अंशांच्या कोनात प्रत्येक आधारावर एकूण भाराच्या साधारण ५८ टक्के भार येतो. कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येकावर पूर्ण शंभर टक्के. म्हणजे दोन आधार घेऊनही तुम्ही काहीच वाटून घेतलेलं नसतं. दोन झाडं लांब-लांब आहेत आणि स्लिंग आखूड आहे, तेव्हा ही चूक होते. अशा वेळी स्लिंगला दोर जोडून लांबवा, पण कोन मिटवा.

या बिंदूत दोन स्क्रूगेट कॅरॅबिनर, दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. शिकाऊ गट असेल तर दोर तिथे फिगर ऑफ एटच्या गाठीने कायमचा बांधण्याऐवजी मंटर हिच घालून, म्यूल गाठीने बंद करून ठेवा. खाली कुणाचा शर्ट डिसेंडरमध्ये अडकला, कुणी घाबरून गोठला, तर भार असतानाच ती गाठ सोडून त्याला दोरासकट खाली सोडता येतं. घट्ट बांधलेल्या दोराने ते जमत नाही, आणि मग वर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात.

काठावर दोर जिथे टेकतो तिथे गोणपाटाची चौपदरी घडी किंवा जुन्या जीनचा पाय, आणि तो वेगळ्या दोरीने अँकरला बांधलेला. वाईकडच्या एका कड्यावर आम्ही तयारी करत असताना वाडीतले एक आजोबा शेळ्या घेऊन आले होते. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आमच्या मोटंचा नाडा चाकावर हुता तवर त्येला काय हुईत नव्हतं. थारोळ्याच्या दगडाला घासला की चार दिसांत गेला बघा." नायलॉनचं तंत्र वेगळं, पण गुण तोच. ताणलेला दोर धारेवर आडवा सरकला की चार दिवसही लागत नाहीत.

खालचं टोक : दोर टाकणं

शिकाऊ दिवसांतली माझीच चूक सांगतो. साठ मीटरचा दोर, नंतर खालून ओढून घेता यावा म्हणून दुहेरी केला की तीस. कडा "पंचविसेक असेल" असं डोळ्यांनी मोजलेलं. दोराच्या मध्यावर शाईची खूण होती, ती अंधुक झालेली. अंदाजाने मध्य धरला आणि टाकला. एक टोक खाली गेलं, दुसरं कुठल्याशा करवंदीच्या जाळीत. मी उतरलो, जाळीपाशी दोर सोडवला, आणखी उतरलो. अचानक उजव्या हाताला काहीतरी टणक लागलं आणि डिसेंडर थांबला. दोराच्या टोकाची गाठ होती ती. खाली पाहिलं तर दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं आणि माझ्या बुटांपासून जमीन चांगली बारा-चौदा फूट खाली. गाठ मारायला मी कंटाळा केला होता. जोडीदाराने शिवी देऊन मारायला लावली होती. वीस मिनिटं तिथेच लटकून राहिलो, वरून दुसरा दोर येईपर्यंत.

तेव्हापासूनचा क्रम असा. दोराचा मध्य दोन्ही टोकं हातात धरून, दोर दुमडत-दुमडत शोधायचा, खुणेवर विसंबायचं नाही. प्रत्येक टोकाला वेगळी, टोकापासून हातभर आत, ट्रिपल फिशरमन गाठ. दोन्ही टोकं एकत्र बांधू नयेत, पीळ पडतो. मग दोर टाकण्यापूर्वी मोठ्याने "दोर!" अशी हाक, खालून उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि आधी अँकरकडचा भाग, मग टोकाकडचा असे दोन वेटोळे वेगवेगळे फेकायचे. खाली गेलेला माणूस दोन्ही टोकं हातात धरून सांगेल, "टेकले." नंतरच पुढचं.

वारा असेल तर दोर फेकूच नका. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिकडच्या वाऱ्यात दोर आडवा उडतो आणि वीस मीटर बाजूच्या सुळक्याला गुंडाळी मारतो. अशा वेळी दोर पिशवीत भरून पिशवी हार्नेसला लावा. उतरताना तो आपोआप सुटत जातो. हाका ऐकू जात नसतील तर शिट्ट्यांच्या खुणा घरूनच ठरवून घ्या.

स्वतःला बांधणं आणि तपासणं

काठापासून दोन मीटरच्या आत पाऊल टाकण्याआधी सेल्फ अँकर. हार्नेसला लावलेला स्लिंग, त्याच्या टोकाला स्क्रूगेट, तो अँकरच्या बिंदूत. फोटो काढणाऱ्यालाही हाच नियम.

हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर, पँटच्या पट्ट्यावर नाही. जुन्या बकलमधून पट्टा परत उलटा ओवून घ्यावा लागतो; शेपूट चार बोटं तरी बाहेर राहिलं पाहिजे. वेणी हेल्मेटच्या आत किंवा शर्टात, ओढणी पिशवीत, शर्ट खोचलेला, अंगठी काढलेली. दाढी वाढवणाऱ्या मित्रांनी रुमाल बांधावा. हसू येतं, पण दाढी डिसेंडरमध्ये गेलेला माणूस मी पाहिलेला आहे आणि तो हसत नव्हता.

डिसेंडर थेट हार्नेसवर लावण्यापेक्षा स्लिंगने हातभर वर घ्या. म्हणजे खाली प्रुसिकला जागा मिळते. फिगर ऑफ एटमध्ये दोराचा बाक मोठ्या कडीतून काढून मानेवर घ्यायचा आणि लहान कडी स्क्रूगेटमध्ये अडकवायची. डिसेंडरच्या खाली दोराला नायलॉनच्या लूपचे तीन-चार वेढे घालून दोन्ही टोकं हार्नेसच्या बिले लूपमध्ये, म्हणजे पुढच्या पट्टीच्या कडीत, लावायची. याला ऑटोब्लॉक म्हणतात. हात सुटला, वरून दगड लागला, चक्कर आली, तर हे वेढे आवळतात आणि माणूस थांबतो. मात्र लूप एवढा लांब नको की तो वर जाऊन डिसेंडरला टेकेल. टेकला तर आवळत नाही. दोर ओला किंवा बारीक असेल तर एक वेढा वाढवा.

आता एक पायरी, जी गर्दीत हमखास गाळली जाते. सेल्फ अँकर काढण्याआधी डिसेंडरवर पूर्ण वजन द्या. बसा, लटका. ऑटोब्लॉक आवळू द्या आणि हळूहळू दोन्ही हात सोडा. थांबलात? प्रत्येक स्क्रूगेट चिमटीत दाबून पाहा, उघडतो का. जोडीदाराला पट्ट्यापासून अँकरपर्यंत बोट लावून तपासू द्या, नुसतं बघून "ओके" म्हणू देऊ नका. यानंतर सेल्फ अँकर निघेल. अगदी नवख्यांसाठी वरून वेगळ्या अँकरवरचा बिले दोर, म्हणजे दुसऱ्याने धरलेला सुरक्षेचा दोर, हवाच.

काठ

पायाखालची जमीन संपते तिथे शरीर उलट वागायला लागतं. मागे कलायचं असतं, आणि माणूस पुढे झुकून कातळाला मिठी मारतो. पुढे झुकला की पाय सटकतात आणि गुडघे, हनुवटी कातळावर आपटते.

पाय खांद्याएवढे फाकवा, टाचा काठावर, तळवे कातळाला सपाट. उजवा हात कमरेमागे, दोर मुठीत. हा हात तळाशी पोचेपर्यंत सुटत नाही. डावा हात ऑटोब्लॉकवर. वर धरायची धडपड करू नका, तो दोर तुम्हाला पेलणार आहेच. आता कंबर मागे ढकलत, इंच-इंच दोर सोडत, खुर्चीवर बसल्यासारखे मागे बसा. पाय जागेवरच. शरीर कातळाशी काटकोनात आलं की मगच पहिलं पाऊल. अँकर जमिनीलगत असेल तर हे अवघड जातं, दोर काठावर पायाखालून येतो; तेव्हा काठावर बसून, एका बाजूने पोटावर वळून उतरणं बरं. दिसायला गबाळं, पण दोराला झटका बसत नाही. फिगर ऑफ एटमध्ये काठावर दोर सैल पडला तर वेढा मानेवरून वर सरकून गाठ बसते आणि माणूस तिथेच अडकतो, म्हणून दोर कायम ताणात ठेवा.

मधला भाग

चालत या. सिनेमातल्यासारख्या उड्या मारू नका. प्रत्येक उडीच्या शेवटी अँकरवर वजनाच्या दुप्पट-तिप्पट झटका बसतो आणि डिसेंडर इतका तापतो की थांबलात तर दोराचं आवरण चटकतं. उजव्या खांद्यावरून खाली बघत पायाची जागा निवडा. दगड सुटला तर "दगड!" अशी एकच हाक, पूर्ण वाक्य नको.

खालचा माणूस दोराची टोकं हातात धरून कड्यापासून बाजूला, हेल्मेट घालून उभा असतो. वरच्याचा वेग वाढला तर त्याने दोर जोरात खाली खेचायचा. डिसेंडर तिथेच जाम होतो. याला फायरमन बिले म्हणतात. मोबाइल खिशात ठेवला असेल तरच हा खालचा माणूस उपयोगाचा.

अडकलात तर

शर्ट डिसेंडरमध्ये गेला, तर पहिली गोष्ट: चाकू काढू नका. ताणलेला नायलॉन पात्याच्या नुसत्या स्पर्शाने तुटतो. ऑटोब्लॉक आवळू द्या, शिवाय खालचा दोर मांडीभोवती तीनदा गुंडाळा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मग डिसेंडरच्या वर दुसऱ्या लूपने प्रुसिक गाठ मारा, त्यात लांब स्लिंग, स्लिंगमध्ये पाय. उभं राहिलं की डिसेंडरवरचा ताण जातो आणि कापड ओढून काढता येतं. हे जमिनीपासून दोन फुटांवर, झाडाला दोर बांधून, दहा वेळा करून पाहिलेलं असावं. कुणी बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये निपचित लटकला, तर मिनिटं मोजून हालचाल करा. पायांत रक्त साचून काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. मंटर हिचवाला अँकर इथे कामी येतो. एकजण दोराकडे, दुसरा १०८ ला फोन. माश्या उठल्या तर वर जायचा विचार करू नका, जितकं लवकर तितकं खाली.

दोर ओढून घेणं

सलग दोन-तीन टप्पे उतरायचे असतील तर दुहेरी दोर खालून ओढून घ्यावा लागतो. दुहेरी दोराची ही युक्ती फ्रान्समधल्या शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले याने १८७६ मध्ये पेटी द्रू या शिखरावर काढली असं मानतात. फ्रेंचमध्ये 'रॅपेल' म्हणजे परत बोलावणं. आपल्याकडे १६७० मध्ये कोंढाण्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले असं सांगतात. दोर खाली ओढला की तुमचंही तसंच होतं, वरची वाट संपली. म्हणून ओढण्याआधी पुढच्या टप्प्याचा अँकर तपासलेला हवा आणि सगळे त्यावर सेल्फ अँकर लावून हवेत.

दोन दोर जोडले असतील तर जोडगाठ साधी सपाट ओव्हरहँड, शेपटं हातभर लांब; ती काठावर कमी अडकते. गाठ कोणत्या बाजूला आहे ते उतरणाऱ्या प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं, "लाल ओढायचा." शेवटचा माणूस वर असतानाच खालच्याने दोर मीटरभर ओढून पाहायचा. सरकत नसेल तर वरचा माणूस गाठ काठाखाली आणून ठेवेल. सगळे खाली आल्यावर हे करून उपयोग नाही. आणि ओढायला सुरुवात करण्यापूर्वी दुसऱ्या टोकाची गाठ सोडलीत का? खालच्या टोकाची जी गाठ जीव वाचवते, तीच वर जाऊन अँकरच्या कडीत अडकते.

अर्धा दोर आल्यावर अडकलाच, तर त्याला धरून वर चढू नका. तो कशात अडकलाय ते कुणालाच दिसत नसतं. हातात आहे तेवढा कापून पुढे जा. दोर परत विकत मिळतो.

घरी आल्यावर दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घाला आणि वहीत तारीख, कडा, किती जण उतरले ते लिहा. आमच्या वहीत त्या करवंदीच्या जाळीची नोंद आहे, तिच्यापुढे जोडीदाराने लिहिलंय, "गाठ होती म्हणून."